राउटरचें मेज : विकत घ्यावें कीं घरीं करावें?



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहींना हंसूं येईल. सुतारकाम हा ज्यांचा धंदा आहे त्यांनीं माझ्यासारख्या हौशी माणसाकडून शिकावें असें फारसें कांहीं नाहीं, आणि ज्यांना लांकडाला हात लावण्याची आवडच नाहीं त्यांना हें सारें रुक्ष वाटण्याचा संभव आहे. तथापि ह्या दोहोंच्या मध्यें एक वर्ग आपल्या कोल्हापुरांत आहे. नोकरी किंवा दुकान संभाळून रविवारीं व सुटीच्या दिवशीं घराच्या पडवींत, नाहीं तर गच्चीवर, पाट, चौरंग, देव्हारा, पुस्तकांचें कपाट असें कांहीं ना कांहीं करीत बसणारीं हीं माणसें. त्यांच्या खिशाला झेपेल आणि हाताला इजा करणार नाहीं असें राउटरचें मेज कसें निवडावें, एवढ्यापुरतेंच मी आज बोलणार आहें.

प्रथम राउटर म्हणजे काय तें सांगतों. पूर्वीं चौकटीच्या कडेला नक्षी काढावयाची झाली तर सुताराजवळ त्या त्या नक्षीचा निराळा रंधा असे. खांच पाडण्याचा एक, कड गोल करण्याचा दुसरा, असा त्यांचा संसार भाऱ्याएवढा होई. आज हीं सारीं कामें विजेवर चालणारें एकच हत्यार करतें; तेंच राउटर. उभ्या मोटारीच्या टोकाशीं एक चिमटा असतो, त्यास कोलेट म्हणतात. त्यांत हवें तें पातें घट्ट बसवावयाचें, आणि तें मिनिटाला वीस ते तीस हजार फेऱ्यांच्या वेगानें फिरत असतां लांकडावरून न्यावयाचें. पातें बदललें कीं नक्षी बदलली.

राउटर हातांत धरून चालविला तर हत्यार हिंडतें आणि लांकूड स्थिर राहतें. रुंद फळीवर हें ठीक चालतें. परंतु लांकडाची पट्टी दोनच बोटें रुंद असेल तर राउटर टेकवावा कोठें? तो डगमगतो, पातें कलतें, आणि काम बिघडतें. तेव्हां येथें युक्ति उलटी करावी लागते. राउटर उलटा करून एका फळीच्या खालीं टांगावयाचा, पातें तेवढें भोंकांतून वर काढावयाचें, आणि हत्यार जागच्या जागीं ठेवून लांकूडच त्याच्यावरून सरकवावयाचें. ह्या फळीलाच राउटरचें मेज म्हणतात. मोठ्या कारखान्यांत स्पिंडल मोल्डर नांवाचें जड यंत्र असतें, त्याचें हें घरगुती धाकटें भावंड होय.

आतां पैशाची थैली सोडण्यापूर्वीं मनाला एक प्रश्न विचारावा, तो असा कीं, मला मेज खरोखर हवें आहे काय? कपाटाच्या फळीसाठीं रुंद लांकडांत खांच पाडावयाची असेल तर एक सरळ पट्टी क्लॅम्पनें आवळून तिच्या आधारानें राउटर हातानेंच नेतां येतो. पाटाची कड गोल करावयाची असेल तर टोकाला बेअरिंग असलेलें पातें कडेच्याच आधारानें चालतें. वर्षांतून दोन-तीन वेळां अशीं कामें निघत असतील तर मेजाची कांहींच गरज नाहीं. मेज उपयोगीं पडतें तें अरुंद पट्ट्यांना, लहान तुकड्यांना, आणि एकसारख्या पुष्कळ चौकटी करावयाच्या असतात तेव्हां. दाराच्या चौकटीला तावदान बसविण्याची खांच, तसवीरीची चौकट, फळ्या एकमेकींत गुंतविण्यासाठीं जीभ आणि खांच, हीं मेजाचीं कामें होत.

मला त्याची गरज लागली ती एका देव्हाऱ्यामुळें. माझ्या बहिणीच्या घरच्या जुन्या देव्हाऱ्याला दारें करून देण्याचें मीं कबूल केलें होतें. चार सागाच्या चौकटी, आंत पातळ फळ्या, एवढेंच काम. मीं घरबसल्या चित्र पाहून एक तयार मेज मागविलें. चित्रांत तें फार देखणें होतें. घरीं आलें तेव्हां पहिली गोष्ट दिसली ती ही कीं, त्याच्या प्लेटीवरचीं भोंकें माझ्या राउटरच्या भोंकांशीं जुळत नव्हतीं. तीं नवीं पाडून घेतलीं. पुढें काम सुरू केल्यावर आढळलें कीं चौकटीच्या पट्टींतील खांच दोन्ही टोकांना नऊ मिलिमीटर खोल आहे आणि मध्यें साडेसातच भरते. मीं आपल्या हाताला दोष दिला. दुसरी पट्टी केली, तिसरी केली, तोच प्रकार. शेवटीं मेजावर पोलादी पट्टी उभी धरून पाहिली, तेव्हां मध्यभागीं पट्टीखालून चांगला उजेड दिसला. राउटरच्या वजनानें दाबीव पत्र्याचा तो पृष्ठभाग खोलगट झाला होता. पट्टीचें टोक पात्यावर असलें म्हणजे तें खळग्यांत उतरे आणि खांच खोल होई. पट्टीचा मध्य पात्यावर आला म्हणजे ती खळग्यावर पुलासारखी आडवी राही आणि खांच उथळ होई. दोष हाताचा नव्हता, मेजाचा होता.

ह्यावरून मेज पारखण्याची पहिली कसोटी आपोआप निघते. मेज सपाट असलें पाहिजे, आणि राउटर टांगल्यावरही सपाट राहिलें पाहिजे. लहान राउटरचें वजन दीड-दोन किलो असतें, मोठ्याचें त्याच्या दुपटीहून अधिक. दुकानांत मेज पाहावयास जाल तेव्हां पोलादी पट्टी बरोबर न्यावी, ती कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी उभी धरावी, आणि तिच्याखालून साधा कागद सरकतो काय तें पाहावें. कागदाची जाडी सुमारें ०.१ मिलिमीटर असते. मध्यावर एक कागद सरकला तर चिंता नाहीं. चार-पांच कागदांची घडी सरकली तर तें मेज तेथेंच ठेवून परत यावें. नंतर मध्यभागीं अंगठ्यानें जोर देऊन दाबावें. पत्रा लवला तर तो राउटरखालींही लवणार.

दुसरी कसोटी सरळपणाची. कामाला मागून टेकू देणारी जी पट्टी मेजावर असते तिला फेन्स म्हणतात. ती सरळ पाहिजे आणि मेजाशीं काटकोनांत उभी पाहिजे. स्वस्त मेजांत ती दोन तुकड्यांची असते आणि ते तुकडे एका रेषेंत नसतात. मग लांकूड पात्याजवळ येऊन अडखळतें. गुण्या लावून आणि पोलादी पट्टी टेकवून हें क्षणांत समजतें.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे, आणि माझ्या मतें सर्वांत अधिक पैसे तिनेंच वांचतात. गोल करवतीच्या मेजावर फेन्स ही पात्याशीं समांतरच असावी लागते. ती तिरपी झाली तर लांकूड अडकून उसळतें. म्हणून तेथें सरकत्या रुळांची व खुणांची महागडी योजना करावी लागते. राउटरचें पातें तर गोल आणि उभें. त्याला डावें-उजवें किंवा समोर-मागें असें कांहीं नाहीं. फेन्सपासून पात्याचें अंतर एकदां ठरलें म्हणजे फेन्स मेजाच्या कडेशीं समांतर आहे कीं तिरपी, ह्याच्याशीं पात्याला कर्तव्य नाहीं. म्हणून फेन्सचें एक टोक बोल्टावर खिळवून ठेवावें आणि दुसरें टोक मोकळें सोडून क्लॅम्पनें आवळावें, एवढ्यानें काम भागतें. इतकेंच नव्हे, पातें दोन्ही टोकांच्या बरोबर मध्यें असल्यास मोकळें टोक दोन मिलिमीटर सरकविलें तर पात्यापाशीं अंतर एकच मिलिमीटर बदलतें. बाजारांतील सूक्ष्म फिरकीचें काम अशा रीतीनें एक काठी आणि एक क्लॅम्प करतात.

मग विचार केला तर मेज म्हणजे राहतें काय? एक सपाट, ताठ फळी आणि एक सरळ काठी. बिडाचा पृष्ठभाग, राउटर वर-खालीं करणारी फिरकी, खुणांच्या पट्ट्या, ह्या सोयी आहेत; रोज आठ तास काम करणाऱ्याला त्या परवडतात आणि शोभतातही. महिन्यांतून एक रविवार काम करणाऱ्यानें त्यांच्यासाठीं राउटरहून अधिक किंमत मोजणें म्हणजे घोड्यापेक्षां नाल महाग करणें होय.

तेव्हां माझा सल्ला असा कीं मेज घरींच करावें. फळी कशाची घ्यावी? परदेशी पुस्तकें एम.डी.एफ.ची शिफारस करतात, कारण ती सपाट आणि स्वस्त असते. परंतु त्या लेखकांनीं आपला आषाढ पाहिलेला नसावा. २०१९ आणि २०२१ सालीं पंचगंगेचें पाणी घराघरांत शिरलें, तेव्हां भुशापासून केलेल्या फळ्यांचीं कपाटें कशीं फुगून उललीं, हें ज्यांनीं पाहिलें त्यांना अधिक सांगावयास नको. पुराची गोष्ट सोडली तरी चार महिन्यांची नुसती दमट हवाही उघड्या कडांतून शिरून अशी फळी फुगविते. आपल्याकडे चांगलें प्लायवुड बरें. त्यावर भारतीय मानकाची खूण पाहावी. ३०३ हा आंकडा सर्वसाधारण प्लायवुडाचा आणि ७१० हा सागरी प्रतीचा. अठरा मिलिमीटर जाडीचे, सुमारें दोन फूट लांब व दीड फूट रुंद असे दोन तुकडे घेऊन ते एकमेकांस सरसानें चिकटवावेत. टिंबर मार्केटमध्यें किंवा फर्निचरवाल्याकडे एवढे उरलेले तुकडे पुष्कळदां मिळून जातात. मात्र घेतांना ते वांकलेले नाहींत हें पाहावें. वर सनमायका लावला तर लांकूड सुळसुळीत सरकतें, पण तो वर लावाल तर खालींही लावा. एकाच बाजूस लावल्यास एक बाजू हवेंतील ओल घेते व दुसरी घेत नाहीं, आणि फळी धनुष्यासारखी वांकते. कडा रंगानें किंवा पॉलिशनें बंद कराव्यात आणि खालून उभ्या पट्ट्या ठोकून फळीला कणा द्यावा.

छत्तीस मिलिमीटर जाड फळीला राउटर थेट लावला तर पातें वर पोंचणार नाहीं. म्हणून मध्यें चौकोन कापून त्यांत पातळ पण ताठ अशी प्लेट बसवितात. ॲक्रिलिकची प्लेट दिसावयास सुंदर, पण ती वजनानें हळूहळू लवते. सहा मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची प्लेट उत्तम. ती राउटरच्या तळाहून चहूंबाजूंनीं दोन-तीन बोटें मोठी असावी. राउटरचा मूळचा तळ काढून तोच नमुना म्हणून वापरला कीं भोंकें बरोबर जुळतात. प्लेटीच्या चारही कोपऱ्यांखालीं एकेक स्क्रू ठेवावा, म्हणजे ती वर-खालीं करून फळीच्या पातळींत आणतां येते.

आणि ही प्लेट करून घेण्यास आपण कोल्हापूरकर जितके सुदैवी आहों तितके थोडेच असतील. शिवाजी उद्यमनगरांत लेथवर आणि ड्रिलवर काम करणारे कारागीर गल्लोगल्लीं आहेत. नमुना हातांत दिला कीं ते प्लेट कापून, भोंकें पाडून, स्क्रूचीं डोकीं बुडतील असे खळगे करून देतात. फेन्ससाठीं सरकत्या खिडक्या करणाऱ्यांकडे ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळीचा तुकडा मागावा. ती लांकडाहून सरळ असते आणि पावसाळ्यांत वांकत नाहीं. मध्यें पात्यापुरती अर्धगोल खांच कापली म्हणजे फेन्स तयार.

स्वतःचें हत्यार स्वतः घडविण्याची ह्या गांवाची परंपरा जुनी आहे. बाबूराव पेंटर हे मूळचे मेस्त्री, कारागिराच्या घरांत जन्मलेले. चित्रपट काढावयाचा तर कॅमेरा हवा, आणि तो विकत घेण्याची ऐपत नाहीं, अशी अडचण त्यांच्यापुढें होती. बंधु आनंदराव ह्यांच्यासह त्यांनीं ह्या कामीं खटपट आरंभिली. १९१६ सालीं आनंदराव वारले, तरी बाबूरावांनीं दामल्यांसारख्या शिष्याच्या साहाय्यानें ती पुरी केली, आणि १९१८ च्या सुमारास कोल्हापुरांत स्वदेशी कॅमेरा उभा राहिला. १९२० सालचा ‘सैरंध्री’ हा महाराष्ट्र फिल्म कंपनीचा चित्रपट त्याच खटपटीचें फळ. ज्या गांवांत कॅमेरा घडला त्या गांवांत एका फळीचें मेज करणें अवघड मानूं नये.

आतां पैसे कोठें वांचवूं नयेत तें सांगतों. माझ्यावर गुदरलेला एक प्रसंग सांगितल्यावांचून तें पटावयाचें नाहीं. एका रविवारीं मी मेजावर काम करीत असतां वीज गेली. राउटरचें बटण चालू स्थितींतच अडकवून ठेवलेलें होतें. खालीं हात घालून तें बंद करावें हें मला सुचलें नाहीं. मी चहा घ्यावयास आंत गेलों. माझी आठ वर्षांची नात भुसा झाडावयाचा म्हणून केरसुणी घेऊन मेजापाशीं आली. मी आंतून आवाज ऐकला आणि धांवत बाहेर आलों तों पातें पूर्ण वेगानें फिरत होतें, आणि पोरगी दोन पावलें मागें सरून भिंतीला टेकून उभी होती. तिला कांहीं झालें नाहीं. परंतु ती एक क्षण आधीं पुढें असती तर, हा विचार पुढें कित्येक रात्रीं माझ्या मनांतून गेला नाहीं.

हाताच्या राउटरला आपण वीज गेली तरी धरून असतों. मेजाखालचा राउटर डोळ्यांआड असतो, म्हणून त्याचा धोका निराळा. ह्यावर उपाय आपल्या शेतकऱ्याच्या माहितीचा आहे. विहिरीवरच्या मोटारीला जो स्टार्टर असतो तो वीज जातांच गळून पडतो, आणि वीज परत आली तरी हिरवें बटण दाबल्याशिवाय मोटार सुरू होत नाहीं. त्याच तत्त्वावर चालणारें लहान बटण राउटरच्या मेजासाठीं मिळतें. तें मेजाच्या पुढच्या अंगाला, गुडघ्यानेंही बंद करतां येईल अशा ठिकाणीं, वायरमनकडून बसवून घ्यावें. परदेशांतून मागविलेल्या तयार मेजाला बटण असलें तर तें आपल्या २३० व्होल्टांचें आहे ना, हें आधीं पाहावें. अमेरिकेंतील वीज १२० व्होल्टांची असते. आणि पातें बदलतांना बटणावर विसंबूं नये, प्लगच काढून ठेवावा.

दुसरी खबरदारी लांकूड सरकविण्याच्या दिशेची. मेजासमोर उभें राहिलें असतां पातें घड्याळाच्या उलट दिशेनें फिरतें. म्हणून लांकूड नेहमीं उजवीकडून डावीकडे न्यावें. मग पातें त्याला विरोध करतें आणि फेन्सकडे दाबतें. डावीकडून उजवीकडे नेलें तर पातें लांकूड हिसकावून घेतें आणि हात रिकामा पात्यावर जातो. तसेंच लांकूड पातें आणि फेन्स ह्यांच्या फटींतून कधींही घालूं नये. खांच एकदम खोल न घेतां दोन-तीन खेपांत घ्यावी. लहान तुकडा बोटांनीं न ढकलतां लांकडी पट्टीनें ढकलावा. पात्यावर पारदर्शक झांकण ठेवावें. हातमोजे, सैल बाह्या, ओढणी ह्यांना मेजाजवळ मज्जाव असावा.

तिसरी गोष्ट पात्याची. बारा मिलिमीटर व्यासाचें पातें मिनिटाला २८,००० फेऱ्यांनीं फिरलें तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारें १८ मीटर होतो. पन्नास मिलिमीटर व्यासाचें पातें त्याच गतीनें फिरविलें तर कडेचा वेग ७३ मीटर, म्हणजे ताशीं २६० किलोमीटरांहून अधिक होईल. असें मोठें पातें बारा हजार फेऱ्यांच्या आसपासच चालवावें लागतें. लहान राउटर बहुधा एकाच, तीस हजारांजवळच्या वेगाचे असतात. त्यांत मोठीं पातीं घालूंच नयेत. वेग कमी-अधिक करतां येणारा राउटर मेजासाठीं म्हणूनच अधिक बरा. शिवाय पात्याचा दांडा आणि कोलेट एकाच मापाचे असावेत. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर; सहा मिलिमीटरचा दांडा पाव इंची कोलेटमध्यें घट्ट बसल्यासारखा भासतो आणि भर वेगांत निसटतो.

शेवटची गोष्ट भुशाची. लांकडाची बारीक धूळ ही कर्करोगास कारण होणाऱ्या पदार्थांत मोडते, असें आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें १९९५ सालीं जाहीर केलें आहे. नाकातोंडावर चांगला मास्क, डोळ्यांवर चष्मा, आणि शक्य तर फेन्सच्या मागें धूळ ओढणारी नळी, एवढें अवश्य असावें.

सारांश असा : काम थोडें असेल तर मेजावांचून चालवावें. मेज हवेंच असेल तर फळी आणि काठी घरीं करावी, प्लेट कारागिराकडून करवून घ्यावी. तयारच घेणें असेल तर तें आपल्या राउटरला जुळतें काय, सपाट व ताठ आहे काय आणि फेन्स सरळ आहे काय, हें हातानें तपासल्याशिवाय घेऊं नये. जे पैसे वांचतील त्यांतून बटण, झांकण आणि दोन-चार चांगलीं पातीं घ्यावीं. काटकसर फळींत करावी, बोटांत करूं नये.

बहिणीच्या देव्हाऱ्याचें काय झालें, असें आपण विचाराल. त्या सागाच्या पट्ट्या मीं टाकल्या नव्हत्या. नवें मेज तयार झाल्यावर त्याच पट्ट्या पुन्हां एकदां पात्यावरून नेल्या; मध्यें राहिलेला दीड मिलिमीटर निघून गेला आणि फळ्या आंत नीट बसल्या. दारें लागलीं. नात आतां मेजाजवळ येते ती आधीं बटणाकडे पाहून. ती संवय आपल्याही घरीं लागावी, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतों.